विमलवहिनींचं नाक आणि भिजलेला साबुकंद

विमलवहिनींच्या अंगणात मी ओकलो, ही गोष्ट त्या गावात अजून सांगतात. माणूस कुठंही ओकू शकतो, पोटापुढे कुणाचं चालत नाही. पण ओकायला अख्खा यवतमाळ जिल्हा मोकळा पडलेला असताना मी नेमकं ते अंगण गाठलं, आणि तेही घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. सकाळी शेणाचा सडा घातलेला, त्यावर रांगोळीच्या रेघा ओढलेल्या, आणि कोंबडीनंसुद्धा परवानगीशिवाय पाय टाकू नये अशी व्यवस्था. त्या रांगोळीतलं कमळ मी बुजवलं. पूर्ण बुजवलं.

सदाशिवराव माझे मामेभाऊ. केळापूरच्या अलीकडे त्यांचं गाव, मी पांढरकवड्याला शाळेत मास्तर. त्यामुळे सणासुदीला त्यांच्या घरी जाणं हा माझा हक्क, आणि स्वयंपाकघराच्या आजूबाजूला हुंगत फिरणं ही माझी सवय. त्या सकाळी वहिनी अंघोळीला गेल्या होत्या, सदाशिवराव देवळात मंडळाच्या बैठकीला. मी कापसाच्या खोलीत डोकावलो. एरवी तिथं कापूस भरलेला असायचा, छताला टेकेपर्यंत. आता तिथं पांढरे, वाळलेले, वाकडे-तिकडे काप पडले होते. ढीगच्या ढीग. मला वाटलं, सुकं खोबरं. नवरात्र तोंडावर, वहिनींचा स्वयंपाक, म्हणजे खोबरंच असणार.

मूठभर तोंडात टाकलं. कडू लागलं. खोबरं खवट निघालं तर वर गुळाचा खडा खावा, एवढं ज्ञान मला लहानपणापासून आहे. गूळ कुठं असतो तेही माहीत होतं. मग गुळाबरोबर आणखी एक मूठ, आणि खिशात थोडं वाटेला. काही वेळानं डोकं गरगरायला लागलं, कानात कुणीतरी गिरणी चालू केली, आणि मी मोकळ्या हवेसाठी म्हणून अंगणात आलो. पुढचं सांगितलंच.

वहिनी ओल्या केसांनी बाहेर आल्या. मी डोळे मिटून घेतले. त्या रागावतील, रडतील किंवा मला काठीनं ढकलत वेशीबाहेर नेतील असं वाटलं. त्यांनी पदर नाकाला लावला. मग जे कुणी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. नाकावरचा पदर काढला, वाकल्या, आणि माझ्या तोंडाचा वास घेतला.

एवढ्यात सदाशिवराव आले. "काय गा मास्तर, देवीच्या अगोदरच्या दिवशी घेऊन आलास काय?"

"दारू नाई," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा झाला होता. "कडू बदामासारखा वास येते. भाऊजी, तुम्ही त्या खोलीतले ढलपे खाल्ले काय?"

मी खिशातला पुरावा काढून दाखवला.

विमलवहिनींच्या नाकाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांचं माहेर उमरखेडचं. लग्नात सासरच्या पंगतीत बसल्या, पहिला घास तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवून शेजारणीला म्हणाल्या, "भात तळाले लागला." पंगतीत कुणाला पत्ता नव्हता. आचारी मात्र मंडपातून दिसेनासा झाला. दूध नासणार हे त्यांना दुधाच्या आधी कळे. एस.टी.त त्या बसत, पण डोकं खिडकीबाहेर काढून. त्यामुळे पांढरकवडा ते यवतमाळ रस्त्यावरचं झाड न् झाड त्यांना ओळखीचं, आणि बस आतून कशी असते ते माहीत नाही. कुणाच्या घरी जेवायचा प्रसंग आला की त्यांना नेमका उपवास असायचा. त्या उपवासांना तिथी लागत नसे.

ही किळस जातीपातीची नव्हती. कीर्तनकार बुवांचा कप त्या राखेनं घासत, तलाठ्याचाही घासत, माझा तर दोनदा. त्यांच्या शेजारी रुखमाबाई राहते. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली, मोठ्या तोंडाची आणि त्याहून मोठ्या हसण्याची बाई. ती म्हणायची, "बाकीच्याइचा इटाळ मानूस पाहून रायते. आमच्या विमलबाईनं समता आनली, तिले समद्याइचीच घान येते!"

एकच वास वहिनींना आवडायचा, घरात भरलेल्या कापसाचा. कोरडा, उन्हाचा. दिवाळीनंतर कापूस आत आला की त्या त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत. पण ती वर्षं कापसाची नव्हती. बोंडं काळी पडत होती, भाव पडत होता, आणि जे काही वेचून येई ते खोलीचा उंबरा न बघताच गाडीत चढे. खोली रिकामी राहिली.

रिकाम्या खोलीत काय भरावं हे सांगायला तेव्हा आमच्या जिल्ह्यात माणसांची रीघ लागली होती. पांढऱ्या गाडीतून माणूस उतरे, नाकाला रुमाल लावी आणि रुमालातूनच म्हणे, तुम्ही पीकपद्धती बदला. कुणी कोरफड सांगून गेलं, कुणी सफेद मुसळी, कुणी जट्रोफा. दुखवट्याच्या घरी बसून, "चहात साखर कमी," असं सांगणारा साहेब मी या डोळ्यांनी पाहिलाय. वहिनींना वासाची ओकारी येते. मला त्या रुमालांची येते. अजून येते.

अशाच एका गाडीतून एक कंपनी आली आणि तिनं साबुकंद सांगितला. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो. कंपनी कंद घेणार, काप करून वाळवलेलेही घेणार. सदाशिवरावांना त्यांनी पार सेलमला नेऊन आणलं, कारखाने दाखवले, शिकवणी दिली. परत आले ते खताच्या पोत्यात कांड्या बांधून आणि डोळ्यांत सेलम घेऊन. माझा हा भाऊ म्हणजे उत्साहाची मोकाट विहीर. कुणीही यावं आणि पडावं.

"मास्तर, सगळ्यात मोठा गुण सांगू का याचा?" ते मला म्हणाले होते. "ह्या कडू जातीले रानडुक्कर तोंड लावत नाई!"

आमच्याकडे रानडुकरांनी काय काय खाल्लं नाही? तूर खाल्ली, भुईमूग खाल्ला, एकदा वाळत घातलेलं धोतर खाल्लं. असं डुक्कर ज्याच्याकडे पाठ फिरवून निघून जातं, ती वस्तू माणसानं खावी असं सदाशिवरावांना का वाटलं, ते मला आजही कळलेलं नाही. पण तेव्हा ते खायचं नव्हतंच, विकायचं होतं. कंद निघाले, मांडीएवढे. आणि कंपनी गेली. यवतमाळात जिथं तिचं ऑफिस होतं तिथं मोबाईलची कव्हरं विकणारा बसला होता, आणि तो फार सभ्यपणे म्हणाला, मला काही माहीत नाही.

सेलमच्या साहेबानं सदाशिवरावांना सांगितलं होतं की ही कडू जात घरी खायची झाली तर साल काढून, काप करून पाण्यात भिजत घालायची, पाणी बदलायचं, मग वाळवायची. पहिला घाणा त्यांनी तसा भिजवलाही, गोठ्यामागच्या टाक्यात. तिसऱ्या दिवशी वहिनी विहिरीवरून येत होत्या. टाक्याचा वास आला आणि घागर डोक्यावरून खाली आली. त्या पाणी आणायला गेल्या होत्या की टाकून द्यायला, असं विचारायची सोय राहिली नाही. गडी बोलावून त्यांनी ते सगळं उकिरड्यात ओतवलं आणि सदाशिवरावांना सांगितलं, "ह्या घरात एक तं हे भिजन, नाई तं मी राहीन."

सदाशिवरावांनी वहिनींना ठेवलं. बाकीचा कंद नुसता कापून गच्चीवर टाकला. एप्रिलचं आमचं ऊन. दोन दिवसांत काप खडखडीत. वास नाही, काही नाही, पांढरेशुभ्र. उन्हात वाळलं म्हणजे सगळं निघून गेलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. नवरा-बायकोचं भांडण मिटलं आणि विष खोलीतच राहिलं.

आता त्या दिवशी देवळातल्या बैठकीत काय झालं होतं ते ऐका. सदाशिवरावांनी उभं राहून जाहीर केलं की नवरात्राचे नऊही दिवस गावातल्या उपवास करणाऱ्या बायकांचा फराळ त्यांच्याकडून. साबुदाणा ज्याचा होतो तेच हे. साबुदाणा उपासाले चालते, तं त्याची माय काहून चालणार नाई? पावसानं पिकं नासलेली, साबुदाणा-शेंगदाणे घ्यायला घरात चणचण. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एप्रिलपासून "सदाशिवरावचं लाकूड" म्हणून हसणाऱ्या गावानं पहिल्यांदा त्या कापांना नमस्कार केला. आणि माझे भाऊ पहाटे देवळात नेऊन ठेवलेल्या टोपल्या तिथूनच गड्याकरवी घरोघरी वाटून मोकळे झाले होते. तळा आणि खा.

"अवं, तळलं का सारं मरते," ते वहिनींना म्हणाले.

"काय मरते? खानारा?" वहिनी म्हणाल्या. "हा एवढा घोड्यासारखा मानूस मूठभरात आडवा झाला. त्या बाया नऊ दिवस रिकाम्या पोटी खातीन. फोन लावा त्या साहेबाले."

रेंज फक्त गच्चीवर. मला डॉक्टरनं इंजेक्शन देऊन गच्चीवरच वाऱ्याला निजवलं होतं, त्यामुळे मी ऐकलं.

सेलमचा साहेब फोनमधून ओरडत होता, "भिगोया? नहीं भिगोया? फिर खाया क्यों?" सदाशिवरावांचा आवाज चिरकला. फोन वहिनींनी घेतला. वहिनींचं हिंदी म्हणजे वऱ्हाडीला नेसवलेलं पातळ.

"साहेब, अब क्या करना? सूखा हुआ है सब."

"अम्मा, कूटो, पानी में डालो. तीन-चार दिन. रोज पानी फेंको, जानवर को मत देना. बाद में खुले बर्तन में उबालो, वो पानी भी फेंको. और खाली ये मत खाओ, इसमें ताकत नहीं है, पेट भरता है बस. दाल के साथ खाओ."

"बास आता ना लेकिन."

"आएगा, अम्मा. आना चाहिए."

वहिनींनी फोन माझ्या पोटावर ठेवला आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्याच भिजू नाई देल्लं. माह्याच नाकानं झालं हे."

संध्याकाळी त्या घरोघरी फिरल्या. मी मागे, पोट धरून, जिवंत पुरावा म्हणून. पुराव्याचा काही उपयोग झाला नाही. मंडळाच्या गिरजाबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय वं विमल, देल्लेलं वापस मांगतं?"

"मांगत नाई माय. तसं खाऊ नोको म्हन्ते. भाऊजीले पाह्य."

गिरजाबाईंनी मला पाहिलं. "मास्तरचं पोट आधीपासूनच कच्चं. मागं श्राद्धात नाई काय, वड्यानं..."

"गिरजाबाई, तो विषय..." मी म्हणालो.

"अन् तुले तं विमल, गुलाबाचीही घान येते. हे तं वाळलेलं हाये, वासही नाई. चांगलं हाये."

"वास नाई मनूनच वाईट हाये!"

हे कुणाला पटणार? उभं आयुष्य ज्या बाईनं वास येतो म्हणून चांगल्या वस्तू टाकल्या, ती आता वास येत नाही म्हणून टाका म्हणत होती. प्रत्येक दारात तेच. हसणं, टोमणे, आणि वर, नवऱ्यानं दिलेलं बायको उचलून नेते अशी कुजबुज. वहिनींचे ओठ घट्ट होत गेले. शेवटी चावडीपाशी त्या थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी भिजवून देते. माह्या हातानं. आना सारं विहिरीवर."

दारादारांतून डोकी बाहेर आली.

"तू?" गिरजाबाई म्हणाल्या. "त्या सडक्यात तू हात घालशीन?"

"हाव."

"आनते मी. आत्ताच आनते. हे पाह्याले तं मी उपाशी चालत येईन."

माझ्या ओकण्यानं जे झालं नाही ते या तमाशाच्या आशेनं झालं. अंधार पडायच्या आत घराघरातल्या टोपल्या विहिरीवर आल्या, आणि एकाही घरात तळण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी घट बसवून वहिनी विहिरीवर आल्या. सदाशिवरावांनी मदत म्हणून फवारणीचा निळा ड्रम लोळवत आणला. वहिनींनी लांबूनच एकदा नाक मुरडलं आणि ड्रम आपोआप मागे लोळत गेला. मग मंडळाचे लग्नातले मोठे गंज, म्हणजे रुंद पातेली, आणले. काप उखळात कुटून भरडा केला, पाण्यात घातला, वर ताट झाकलं. वहिनींनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि घरी जाऊन अंघोळ केली. बायका जराशा नाराज झाल्या. पहिल्या दिवशी वास ओल्या पोत्याचा होता. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग तो बदलला. काय सांगू! पावसात भिजलेले मोजे, त्यात विसरलेला मुळा, आणि वर कुणीतरी नासकं ताक ओतून झाकण लावलं. झाकण उघडलं की तो वास आधी डोळ्यांना लागे आणि मग नाकाला. पाण्यावर साय धरली होती, राखाडी. सायीखालून बुडबुडे येत, जाड, आळशी, एकेक फुटत. आत हात घातला की भरडा बोटांतून सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखा ओघळे. मी गंजापासून दहा हात लांब होतो आणि दर घटकेला आणखी एक हात लांब जात होतो.

वहिनींनी पदराची घट्ट गाठ नाकावर बांधली होती. गाठ सुटायची, कारण उमासा आला की डोकं हलायचं. पाणी ओतायचं, नवं घालायचं, तळापासून ढवळायचं. ओतलेलं पाणी शेळ्या-गुरांना मिळू नये म्हणून बाभळीच्या काट्यांनी घेरलेल्या खड्ड्यात न्यायचं. कठड्यावर उपवासाच्या बायकांची रांग, आणि प्रत्येक उमाशाला दाद.

"आली, आली! नाई, गिळली."

"विमलबाई, आता अत्तर लाव थोडं!"

रुखमाबाई आपलं काम टाकून आली आणि लुगडं खोचून दुसऱ्या गंजापाशी बसली. "सर बाजूले. तू ओकशीन त्याच्यात, मंग सारं परत धुवा."

"तुले घान येत नाई काय वं?" वहिनींनी गाठीआडून विचारलं.

"येते ना. मले काय नाक नाई? पन माह्या घरीही टोपलं देल्लं ना तुह्या नवऱ्यानं. आम्हाले उपास नाई मनून काय झालं, पोटं तं हायेत." मग हात कोपरापर्यंत घालून तिनं एक गोळा वर काढला, वहिनींच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "पाह्य, कसं गोजिरं दिसते."

वहिनी विहिरीमागे पळाल्या. परत आल्या तेव्हा पदराची गाठ सोडलेली होती. "उगाच हाये हे," म्हणाल्या, आणि दोन्ही हात गंजात घातले. तोंड इतकं वाकडं झालं होतं की त्या विमलवहिनी नसून त्यांची फार आजारी असलेली बहीण वाटावी. पण हात बाहेर आले नाहीत. कठड्यावरचं हसणं त्यानंतर हळूहळू कमी झालं. एक-दोघी खाली उतरून पाणी शेंदायला लागल्या, नाकं दाबून.

चौथ्या माळेच्या दिवशी भरडा पिळून उकळायला ठेवला, झाकण न ठेवता. सदाशिवराव वाफेवर वाकून सेलमची आठवण सांगायला लागले तेव्हा वहिनींनी त्यांना लाकडानं मागे सारलं. ते पाणीही काट्यांच्या खड्ड्यात गेलं. गंजात उरला तो पांढरा, मऊ, भगरीसारखा मोकळा ढीग. दिसायला चांगला. सदाशिवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेचं असेल.

गिरजाबाईंनी चिमूटभर घेतला, हुंगला आणि हात झटकला. "आंबट वास येते, विमल. हे आंबलं. आंबलेलं अन् शिळं, देवीच्या उपासाले?"

मागच्या बायका एक पाऊल सरकल्या. खरंच होतं. चार दिवसांचं पाणी प्यालेलं अन्न, नवरात्रात! इतक्या गडबडीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनींच्याही नाही. त्यांना वासाची इतकी किळस की वासाचा अर्थच विसरल्या.

"साबुदाणाही असाच होते," सदाशिवराव कळवळून म्हणाले. "सेलमले मी डोयानं पाह्यलं, त्याचं दूध टाक्यात बसूनच रायते!"

"आम्ही नाई ना पाह्यलं," गिरजाबाई म्हणाल्या. "भाऊ, असं करा. तुमच्या खोलीत अजून हाये ना सुकं? ते द्या. कोरडं हाये, सोवळं हाये, वास नाई. तळून घेतो आम्ही. हे जनावराले टाका."

"हाव, तेच बरं," मागून आवाज आले. पोटात चार दिवसांचा उपवास आणि भगरीचा डबा तळाला गेलेला; त्या काही वाईट बोलत नव्हत्या. दोघी-तिघी तर सदाशिवरावांच्या घराकडे चालायलाही लागल्या. आणि सदाशिवराव, माझा भाऊ, नाही म्हणता न येणारा माणूस, खिशात खोलीची किल्ली चाचपडत होता.

वहिनींनी गंजाकडे पाहिलं. त्या बायकांच्या पाठींकडे पाहिलं. त्यांनी तो पदार्थ आजवर जिभेला लावला नव्हता, आणि लग्न झाल्यापासून नवरात्रात कधी फराळापलीकडे काही तोंडात घातलं नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "रुखमा, तुह्या घरी वरन हाये काय?"

रुखमाबाई पहिल्यांदाच गडबडली. "हाये. तुरीचं. पन विमलबाई, लसनाची फोडनी हाये त्याले."

"उपास मोडाचाच हाये तं नीट मोडते. आन."

चालणाऱ्या बायका थांबल्या. रुखमाबाई पळत गेली आणि वरणाचं पातेलं घेऊन पळत आली. वहिनींनी परातीत तो पांढरा भरडा घेतला, वर पिवळं वरण ओतलं, लसणासकट. विहिरीच्या दगडावर मांडी घालून बसल्या. सदाशिवराव "अवं..." म्हणाले आणि किल्ली मुठीत धरून उभे राहिले.

पहिला घास तोंडाजवळ गेला आणि तिथं थांबला. मला लग्नातली ती पंगत आठवली, जी मी पाहिलीही नव्हती. नाकपुड्या फुगल्या. मानेची शीर वर आली. मग घास आत गेला. चावतानाचा तो चेहरा मी वर्णन करू शकत नाही. ज्यांना हौस असेल त्यांनी कडुलिंबाच्या पाल्यात चप्पल शिजवून पाहावी. गिळताना दोन्ही डोळे मिटले गेले. उमासा आला, त्यांनी हातानं छाती दाबून तो परत पाठवला, आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा.

परात संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. रुखमाबाईनं शेजारी बसून स्वतःसाठी वाढून घेतलं. "मीठ कमी हाये," म्हणाली. मीठ आणायला कुणीतरी गेलं.

"मी उपास मोडनार नाई बा," गिरजाबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या. "पन पोरांले तं उपास नाई. त्याइच्यापुरतं दे. अन् वरन टाकूनच दे, घरचं पातळ झालं." मागून भांडी पुढे यायला लागली. काही बायकांनी घेतलं, काहींनी नाही. दोघींनी तिथंच बसून खाल्लं आणि देवळाकडे बघायचं टाळलं. पण सुकं कुणी मागितलं नाही. सदाशिवरावांच्या हातातली किल्ली वहिनींनी घेतली आणि खोलीतलं उरलेलं सगळं विहिरीवर आणायला गड्याला पाठवलं, पुढच्या घाण्यासाठी.

गंज घासून झाले, बायका पांगल्या. वहिनी त्याच जागी, हात पसरून बसल्या होत्या. कोपरापर्यंत अजून तो वास होता आणि त्या आपलेच हात परक्याचे असल्यासारखे लांब धरून होत्या. मी दोन हातांवर बसलो. त्याहून जवळ जायची माझी तयारी नव्हती.

"वहिनी," मी म्हणालो, "इतक्या वर्षांचं नवरात्र आज मोडलंत. उद्या देवीनं विचारलं तर काय सांगाल?"

"तिले म्हनीन, एक घास खाऊन पाह्य, मंग बोल."